हातमोज्यांचे गाऱ्हाणे

इंग्लंडमधील बाथ येथील रोमन स्नानगृहात आज शिशाच्या एका लहानशा पत्र्यासमोरून माझा पाय निघेना. डोसिमेडिस नावाच्या माणसाने आपले दोन हातमोजे हरवल्याचे त्यावर कोरून, चोराची बुद्धी आणि डोळे जावेत, असे देवी सुलिस मिनर्व्हाला गाऱ्हाणे घातले आहे. झऱ्यात टाकलेले असे सुमारे १३० पत्रे तिथे सापडले.

रोज दहा लाख लिटरहून अधिक, ४६ अंश सेल्सिअसचे पाणी देणाऱ्या या झऱ्याशेजारी रोमनांनी मंदिर उभारले, पुढे १८व्या शतकात हवापालटासाठी येणाऱ्या श्रीमंतांमुळे शहराचे रूपच पालटले. तरीही मला त्या वैभवापेक्षा हा चिडलेला, साधा माणूसच अधिक जवळचा वाटला.

आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर पिढ्यानपिढ्या आलेल्यांची गाऱ्हाणी कुणी कुठे लिहून ठेवली असतील का?