बाळंतिणीसाठी चॅटबॉट करताय? आधी गाव विचारा

व्हॉट्सॲपवर बाळंतिणीसाठी बॉट करायचा तर आहाराचा सल्ला नंतर. आधी तीन प्रश्न: बाळंतपण कधी झालं, नॉर्मल की सिझेरियन, आणि आत्ता मुक्काम कुठे?

सीमाभागात तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. सासर खानापूरला, बाळंतपण बेळगावात, माहेर चंदगडला, हे इथं नेहमीचंच. तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाई-बाळाच्या नोंदीचं सरकारी कार्ड, कर्नाटकचं आणि माहेरची आशाताई महाराष्ट्राची, तिच्याकडे या बाईची नोंदच नसते. मग 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवसाच्या घरभेटी सुटतात. गाव बदललं की बॉटने लगेच सांगावं: इथल्या आशाताईंना आजच कार्ड दाखवा.

धोक्याच्या खुणा एआयच्या भरवशावर सोडू नयेत. प्रश्न ठरलेले, उत्तरंही डॉक्टरांनी तपासलेली. "रक्तस्राव जास्त आहे का?" असं विचारलं तर "नाही, बरं आहे" एवढंच येतं. मोजता येईल असं विचारा: तासाभरात पॅड पूर्ण भिजतं का? ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर आहे का? डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येते का? एकाच पायाची पोटरी सुजून दुखते का? गरोदरपणी बीपी नॉर्मल असला तरी बाळंतपणानंतर वाढू शकतो, म्हणून डोकेदुखीचा प्रश्न कधीही गाळू नका. एक जरी "हो" आलं तरी पुढचा निरोप 108 चा, तो दोन्ही राज्यांत चालतो. त्याच वेळी नर्सलाही सूचना जावी. रात्री निरोप बघणारं कुणी नसेल तर बॉटने ते स्पष्ट सांगावं.

मनाच्या चौकशीसाठी एडिनबर्ग प्रश्नावलीचे 10 प्रश्न आहेत. फोन बऱ्याचदा घरात सामाईक असतो, त्यामुळे आधी "फोन तुमच्याच हातात आहे ना?" हे विचारा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. त्याला "कधीच नाही" सोडून काहीही उत्तर आलं तर एकूण गुण न बघता माणसाने फोन करावा, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 ही द्यावा.

तांत्रिक अडचण एक हमखास येते. बाईच्या शेवटच्या निरोपाला 24 तास उलटले की व्हॉट्सॲपवर फक्त व्हॉट्सॲपकडून आधी मंजूर करून घेतलेले निरोपाचे साचेच (टेम्प्लेट) पाठवता येतात. प्रत्येक भेटीच्या दिवसाचा साचा आधीच मंजूर करून ठेवा.

घरातल्या थोरल्या बायकांसाठी छोटी व्हॉइस नोट हवी: डिंकाचे लाडू खुशाल द्या, पण पाणी तोडू नका आणि बंद खोलीत शेगडी पेटवू नका.

घरभेटी 42 व्या दिवशी संपतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र 180 दिवस, त्याही वेगवेगळ्या वेळी. आठवणीचे निरोप तोवर चालू ठेवा.