वेदरिंगआधीचा वॉर्निश: माझा अनुभव

विमान-रणगाड्यांच्या छोट्या मॉडेलवर वेदरिंग, म्हणजे मळ आणि झिजेच्या खुणा, करण्याआधी मी रंगावर वॉर्निशचा थर देतो. ॲक्रिलिक रंगावर ऑइल वॉश (चरांत उतरून त्या उठावदार करणारा अतिपातळ ऑइल रंग) टाकायला वॉर्निश कशाला हवा, व्हाइट स्पिरिटने (ऑइल रंग पातळ करायच्या द्रवाने) ॲक्रिलिक सुटतं थोडंच, असं बरेच जण म्हणतात. ते अर्धं खरं आहे. पुरता मुरलेला ॲक्रिलिक रंग व्हाइट स्पिरिटला सहसा दाद देत नाही. पण वॉश पुसताना कापसाची काडी एकाच कडेवरून चार वेळा फिरते आणि तिथला रंग घासून खालचा प्रायमर डोकावतो. शिवाय मॅट (चमक नसलेला) रंग सूक्ष्म पातळीवर खरखरीत असतो. वॉश चरांत धावायचं सोडून त्या खरखरीत अडकतो आणि कितीही पुसलं तरी मळकट डाग उरतो. माझ्या लेखी वॉर्निशचं खरं काम हे दुसरं.

वॉर्निश निवडताना मी एवढंच बघतो: वॉशचा थिनर (पातळ करायचा द्रव) आणि वॉर्निशचा थिनर एक नको. एनॅमल वॉर्निशवर एनॅमल वॉश टाकला की पुसताना वॉर्निशही सोबत निघतो. ऑइल किंवा एनॅमल वॉश असेल तर खाली ॲक्रिलिक किंवा लॅकर वॉर्निश. लॅकरचा थिनर मात्र जहाल असतो. ॲक्रिलिकवर तो सुरुवातीलाच ओला मारला तर रंग सुरकुततो.

मी बहुतेक वेळा तामिया कंपनीचा एक्स-22 क्लिअर हा ॲक्रिलिक ग्लॉस (चकचकीत) वॉर्निश वापरतो, मिस्टर लेव्हलिंग थिनर या लॅकर थिनरमध्ये निम्मानिम्मा. या थिनरमध्ये सुकणं लांबवणारं रिटार्डर असतं, त्यामुळे थर आपोआप सपाट होतो. पाण्यावर चालणारे वॉर्निश, उदाहरणार्थ व्हॅलेहो कंपनीचे, या थिनरमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये कधीच मिसळू नयेत. एअरब्रशच्या (रंग फवारायच्या उपकरणाच्या) कपातच गुठळ्या होतात आणि नोझल तुंबतं. त्यांना त्यांचाच थिनर.

खालचा रंग हाताला सुकला म्हणजे मुरला असं नाही. अर्ध्या तासात बोटाला लागत नाही, तरी मी किमान 24 तास थांबतो, जाड थर किंवा दमट हवा असेल तर 48. नाकाजवळ धरल्यावर थिनरचा वास येत असेल तर अजून थांबायचं.

एअरब्रश 0.3 मिमी नोझलचा, दाब 15 ते 18 पीएसआय, अंतर 10 ते 12 सेंमी. पहिले दोन हात अगदी हलके, धुक्यासारखे. नुसती चकाकीची बारीक कणी दिसली पाहिजे. मध्ये पाच-दहा मिनिटं. मग तिसरा हात ओला. या वेळी दिवा समोरून तिरका ठेवतो आणि पृष्ठभागावरच्या त्याच्या प्रतिबिंबाकडे बघत हात सरकवतो. प्रतिबिंब फुटकं दिसतं तोवर थर कमी आहे. ते सलग झालं त्याच क्षणी पुढे सरकायचं. तिथेच आणखी अर्धा सेकंद रेंगाळलं की ओघळ येतो, तोही नेमका पंखाच्या मुळाशी किंवा रणगाड्याच्या टरेटच्या (फिरत्या बुरुजाच्या) खाली. ओघळ आलाच तर ओला असताना हात लावायचा नाही. दोन दिवसांनी 2000 ग्रिटच्या ओल्या सँडपेपरने उतरवायचा. लॅकर थिनर असल्याने सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क हवा. साधा धुळीचा मास्क इथे कुचकामी.

संत्र्याच्या सालीसारखा पोत आला तर थेंब वाटेतच सुकताहेत: अंतर कमी करा नाहीतर थिनर वाढवा. मॅट वॉर्निश पांढरट पडला तर कारण बहुधा दमट हवा किंवा नीट न ढवळलेली बाटली. मॅटपणा आणणारी पूड तळाशी बसते. ढवळलं नाही तर आधी नुसता चकचकीत भाग येतो आणि शेवटी पांढरी भुकटी. अशा पांढुरक्यावर ग्लॉसचा एक हात मारला की तो बऱ्याचदा नाहीसा होतो.

वॉर्निशलाही 24 तास. मग तळाशी, न दिसणाऱ्या जागी, व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून टिपलेली कापसाची काडी दहा वेळा घासतो. काडीवर रंग आला नाही तरच वॉशची बाटली उघडायची.

ग्लॉसवर वॉशचा थेंब चरावर टेकवला की तो स्वतःच रेषेतून पळतो. 20-30 मिनिटांनी जेमतेम ओलसर काडीने जादाचा पुसायचा: विमानावर वाऱ्याच्या दिशेने, रणगाड्यावर वरून खाली. पण आरशासारखा ग्लॉस सगळीकडे चांगला नाही. सपाट जागी फिल्टर (छटा बदलायला सगळीकडे दिलेला अतिपातळ रंग) द्यायचा असेल तर त्यावर तो गोळा होऊन कडेला वर्तुळं उमटवतो. तिथे मी सॅटिन (अर्धवट चमकीचा) वॉर्निश वापरतो. आणि सांध्यांत, विशेषतः ताणाखाली असलेल्या उघड्या प्लॅस्टिकवर, व्हाइट स्पिरिटचं डबकं साचू देऊ नका. प्लॅस्टिक तडकतं, आणि वॉर्निश नेमका अशाच कोपऱ्यांत पोचलेला नसतो.

वॉश सुकल्यावर मॅटचा हात, त्यानंतर पिगमेंट, म्हणजे धुळीसारखी रंगाची पूड. पुडीला धरायला खरखरीत जागा लागते. पिगमेंटवर पुन्हा वॉर्निश मारला तर निम्मी धूळ गायब झाल्यासारखी दिसते, म्हणून मारत नाही. मॉडेलच्या काचेवर रंग लागू नये म्हणून चिकटवलेली पट्टी मॅटचा हात होईपर्यंत काढायची नाही. मॅटचे कण काचेवर बसले की ती धुरकट होते.