तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे टॉवर होतायत, मग घरं स्वस्त का होत नाहीत?

दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नोकरी करते, हे कळलं की लोक हा प्रश्न हमखास विचारतात. म्हणतात, लालबाग-परळला मान दुखेपर्यंत वर बघावं एवढ्या इमारती झाल्या, रात्री त्यातल्या कितीतरी खिडक्या अंधारात असतात, आणि आमच्या पोराला वन बीएचके परवडत नाही. माल वाढला की भाव पडायला हवा ना?

कांद्याचा पडतो, कारण कांदा सडतो. फ्लॅट सडत नाही. 2011च्या जनगणनेत बृहन्मुंबईत पावणेपाच लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली होती, आणि त्याच शहरातली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहत होती. कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटचा भाव वाढणार असेल, तर मालकाला तो विकायची घाई कशाला?

पण माझ्या मते खरं उत्तर एरिया स्टेटमेंटमध्ये आहे. माझं रोजचं काम तेच. कुठल्या नियमाखाली किती बांधकाम मिळणार, त्यातलं जुन्या रहिवाशांचं किती आणि विक्रीचं किती, याचा तो तक्ता.

समजा, गिरगावात किंवा लालबागला ऐंशी खोल्यांची उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी जुनी चाळ आहे. दीडशे फुटांची खोली, वर पोटमाळा, संडास टोकाला. पुनर्विकासाचा नियम 33(7). त्याप्रमाणे प्रत्येक भाडोत्र्याला किमान 300 चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, मालकी हक्काने, फुकट. वर 35 टक्के फंजिबल, म्हणजे नियमाने मिळणारं जादा क्षेत्रफळ, धरलं की होतात 405, म्हणून चाळींच्या मीटिंगमध्ये हा आकडा सतत कानावर पडतो. दाटीवाटीच्या चाळीत बिल्डरला विक्रीसाठी काय मिळतं? एकच प्लॉट असेल तर रहिवाशांना जेवढं द्यायचं त्याच्या निम्मं. फंजिबल दोन्हीकडे बाजूला ठेवू. ऐंशी गुणिले तीनशे म्हणजे चोवीस हजार फूट फुकट, बारा हजार फूट विक्रीला. सहाशे फुटांचे वीस फ्लॅट.

आता हे वीस फ्लॅट घेणाऱ्यांनी मिळून ऐंशी घरांचं बांधकाम सोसायचं. इमारत होईपर्यंत ऐंशी कुटुंबांचं बाहेरचं भाडं, कॉर्पस (रहिवाशांसाठी द्यायची एकरकमी रक्कम), मूळ मालकाचा हिस्सा, महापालिकेचे प्रीमियम (जादा बांधकामाच्या परवानगीसाठी भरायचे पैसे) आणि या सगळ्यावर चढणारं व्याज, तेही त्यांच्याच माथी. त्या वीसजणांत तुमचा मुलगा नसणार, हे प्लॅनचा पहिला कागद काढतानाच ठरलेलं असतं. बिल्डर हावरट असतातच, त्यांची बाजू घ्यायचा माझा विचार नाही. पण उद्या एखादा साधू बिल्डर झाला तरी त्या प्लॉटवर त्याला स्वस्त फ्लॅट बांधता येणार नाही.

लोकांना वाटतं, जमीन महाग म्हणून फ्लॅट महाग. ऑफिसात हिशोब उलट्या दिशेने होतो. आधी बघायचं, या गल्लीत विक्रीचा दर काय चाललाय. त्यातून बांधकाम, प्रीमियम, व्याज आणि नफा वजा केला की उरतो तो जमिनीचा भाव. त्यामुळे सरकारने एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, वाढवला की वाढीव फूट ग्राहकापर्यंत पोचायच्या आधीच जमिनीच्या भावात जिरतात. प्लॉटचा मालकही पेपर वाचतोच की! जानेवारी 2021मध्ये राज्य सरकारने वर्षभरासाठी प्रीमियम निम्मे केले. त्या वर्षी आमच्याकडे फायलींची अशी झुंबड उडाली की रविवारीही ऑफिस उघडं असायचं. पण प्रीमियम अर्धा झाला म्हणून अमक्याने दर उतरवला, असं मी एकदाही ऐकलं नाही.

दर उतरावा असं वाटणारं त्या व्यवहारात असतं तरी कोण? महापालिकेचे प्रीमियम रेडी रेकनरवर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमीन-घरांच्या दरांवर ठरतात. राज्याला मुंबईत फ्लॅटच्या किमतीच्या सहा टक्के मुद्रांक शुल्क मिळतं. बँकेकडे तीच घरं गहाण. आणि आपण?

आमच्याच चाळीची एक मीटिंग सांगते. मंडपवाल्याकडून आणलेल्या खुर्च्या, भिंतीवर बांधलेली पांढरी चादर, तिच्यावर प्रोजेक्टरने टॉवरचं चित्र. चित्रात नारळाची झाडं आणि कुत्र्याला फिरवणारी एक बाई. बिल्डरच्या माणसाचं बोलून झाल्यावर पहिला प्रश्न आला, भाडं किती देणार? दुसरा, कॉर्पस किती? मग आमच्या विंगला लिफ्ट किती, पार्किंग मिळणार का, पलीकडच्या चाळीला जास्त फूट दिलेत ते आम्हाला का नाहीत. शेवटी मागच्या रांगेतले एक काका उठले. म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो. बांधून झाल्यावर आमच्या घराला बाजारात किती येतील, ते सांगा." आकडा ऐकल्यावर सभागृहात, म्हणजे आमच्या अंगणात, पहिल्यांदा हसू पसरलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आयुष्यभर सार्वजनिक संडासासमोर रांग लावलेल्या माणसाला एवढी एकच मालमत्ता मिळणार आहे. तिचा भाव पडावा असं त्याला का वाटावं?

भाव पडावा असं वाटणारा माणूस त्या अंगणात नव्हताच. तो तेव्हा बदलापूर लोकलच्या दारात लटकत असणार.

कुणाला विकत घ्यावी लागणार नाही अशी जमीन या शहराला एकदा मिळणार होती, आणि त्याचा मला अजून राग येतो. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो फुटला आणि पुढे गिरण्या एकेक करून मेल्या. गिरण्यांची जमीन होती सुमारे सहाशे एकर, शहराच्या पोटात. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम 58 होतं. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. 2001मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती फक्त मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीची. जिच्यावर शेड उभी होती ती जमीन शेड पाडल्यावरही वाटणीत धरायची नाही. गिरणी म्हणजे जवळजवळ सगळी शेडच, मग वाटायला राहिलं काय? उच्च न्यायालयाने 2005मध्ये ही वाट अडवली होती, पण मार्च 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली.

मागे राहिले घरांसाठी कामगारांनी केलेले सुमारे दीड लाख अर्ज. 2012च्या सोडतीत 6,925 घरं निघाली, साडेसात लाखांना एक. 2020मध्ये आणखी 3,894, साडेनऊ लाखांना. म्हणजे जमिनीचा भाव हिशोबात धरला नाही तर मुंबईत घर याही किमतीत देता येतं. पण जमीनच हातातून गेली, त्यामुळे 2025मध्ये उरलेल्यांना बदलापूरच्याही पलीकडच्या शेलू आणि वांगणीची घरं दाखवली गेली आणि म्हातारे कामगार आझाद मैदानात उतरले. दुसऱ्या बाजूला म्हाडाच्याच 2023च्या सोडतीत ताडदेवचं एक घर साडेसात कोटींचं होतं. सोडत काढून साडेसात कोटी!

भाड्याच्या घरांचं थोडक्यात सांगते. पूर्वी मुंबईतला नोकरदार घर विकत घेत नसे, भाड्याने राही. 1947च्या कायद्याने भाडी 1940च्या पातळीवर गोठवली. भाडोत्री वाचला, पण भाड्यासाठी चाळ बांधायची कुणाला गरजच उरली नाही. तेव्हापासून घर म्हणजे विकत घ्यायची वस्तू झाली ती झालीच.

यानंतर ठरलेला प्रश्न येतो, मग मुलाने थांबावं की घेऊन टाकावं? भाव पडेल या आशेवर थांबू नये आणि वाढेलच या भीतीने धावूही नये. हप्ता आणि त्याच इमारतीतलं भाडं शेजारी शेजारी लिहून बघावं. भाडं हप्त्याच्या निम्म्याहून कमी निघालं तर मी तरी भाड्यानेच राहीन. घ्यायचंच ठरलं तर महारेरावर, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या साइटवर, नोंदवलेला कार्पेट स्वतः वाचावा, ब्रोशरवरचा नाही. तयार इमारत असेल तर ओसी, म्हणजे राहायला परवानगी असल्याचा महापालिकेचा दाखला, मागावी, "येतेय हो, आठ दिवसांत" हे उत्तर धरू नये. आणि मेन्टेनन्स किती ते आधी विचारावं. आमच्या शेजारच्या चाळीचा टॉवर झाला तेव्हा काही जणांनी नवं घर दोन वर्षांत विकलं आणि विरार गाठलं, ते लिफ्ट आणि पंपाचं महिन्याचं बिल पेन्शनमध्ये बसेना म्हणून.