अजरखपूरच्या चिंध्या

कच्छला जाऊन आले. रणावर पुष्कळांनी लिहिलंय, त्यात मी भर घालत नाही. मी गेले होते कापडासाठी, तेव्हा लिहायचंय ते भुजजवळच्या अजरखपूरबद्दल. लाकडी ठशांनी छापून नीळ, मंजिष्ठा अशा रंगांत रंगवलेलं अजरख कापड बनवणाऱ्यांचं हे गाव.

मी गोधड्या शिवते. लहानपणी शिंप्याच्या मशीनखालची कात्रणं वेचायची सवय लागली ती लागलीच. कुठेही निघाले की बॅगेत एक रिकामी कापडी पिशवी असतेच. लोकांना अख्खी साडी हवी असते; मला वीतभर तुकडा पुरतो. सूत, रंग, ठसा, कारागिराचा हात, सगळं त्या वीतभरात असतं.

अजरखपूर वसलं ते २००१च्या भूकंपानंतर. ही छपाई करणारे खत्री कारागीर मूळचे कच्छमधल्याच धमडका गावचे. भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं, आणि पाण्यात लोह असलं की रंग बिघडतात. म्हणून पाणी बघून नवी जागा शोधली. कापड इथे इतक्यांदा धुतलं जातं की पाण्यापायी गाव का हललं ते हौदाशी उभं राहिल्यावर कळतं.

आधी एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्या घातलेल्या पाण्यात कापड भिजवतात, धुतात, मग हिरड्याच्या पाण्यातून काढतात. त्यावर चुना आणि डिंकाचा ठसा. ती रेघ शेवटपर्यंत पांढरी राहते. काळा रंग गंजक्या लोखंडात गूळ घालून आंबवलेला. त्या पिंपावर फेस आलेला असतो आणि आंबूस वास पार नाकात शिरतो. तुरटीचा ठसा जिथे पडला तिथे मंजिष्ठा या वनस्पतीच्या मुळांत उकळल्यावर लाल चढतो. आणि नीळ! हौदातून कापड हिरवं बाहेर येतं, वारा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. तिथून माझा पाय निघेना.

छपाईच्या टेबलाखाली ठसा तपासायला वापरलेल्या पट्ट्या पडल्या होत्या. मागितल्या, तर छपाई करणारे चाचा म्हणाले, “बेन, ये तो चिंदी है. अच्छा कपडा दिखाता हूँ.” गोधडीचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून टाके पाहिले आणि स्वतःच वाकून पट्ट्या गोळा करून दिल्या. एका पट्टीवर नुसता काळा, एकीवर निळा एका कडेने उतरत गेलेला. दुकानात असा तुकडा कधी मिळायचा नाही.

चिंधी म्हणून टाकून द्यावं असं हे कापड नाहीच. इजिप्तमध्ये फुस्तातला, म्हणजे कैरोच्या जुन्या शहरात, मध्ययुगीन गुजराती छापील सुती कापडाचे फाटके तुकडे सापडले. आज ते ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात जपून ठेवलेत. ठसे बघा, अजरखची सख्खी भावंडं वाटतात.

शिवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अजरख शिवण्याआधी वेगळं धुवा, नीळ सुरुवातीला उतरते. आणि लोखंडी काळ्यामुळे सूत काळाच्या ओघात कमजोर होतं. जुन्या कापडांत आधी विरतो तो काळाच भाग. म्हणून काळे तुकडे मी कडेला न घेता मधोमध घेते आणि तिथे धावदोरा जवळजवळ घालते.

भुजजवळच्याच भुजोडी या विणकरांच्या गावात काला कॉटनचे कटपीसही मिळाले. हा पावसाच्या पाण्यावर वाढणारा देशी कापूस; हाताला जरा खरबरीत, अस्तराला उत्तम. मश्रू मात्र यावेळी राहिलं. वरून रेशीम, आतून सूत असं ते कापड गोधडीत कसं बसतं हे मला बघायचंच आहे, तेव्हा पुढच्या हिवाळ्यात ते जिथे विणतात ते गुजरातमधलं पाटण.