आमची वाटचाल : फुकटच्या मालाचा हिशोब

प्रदर्शनात स्टॉल लावला की हा प्रश्न येतोच : "ताई, माल तर तुम्हाला फुकटच मिळत असेल ना?" विचारणारा काही वाईट मनानं विचारत नाही. पोत्याची पिशवी, जुन्या लुगड्याची चुंबळ (डोक्यावर घागरीखाली ठेवायची गोल गादी), चिंध्यांचं पायपुसणं बघून त्यानं मनात एक भाव धरलेला असतो आणि आमची किमतीची चिठ्ठी त्याच्या कितीतरी वर निघते. गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभ्या उभ्या सगळं सांगणं होत नाही. म्हणून सवडीनं लिहिते.

आमचं घर बारदान्याचं, म्हणजे धान्याच्या तागी पोत्यांच्या धंद्याचं. लातूरची गंजगोलाई पाहिलेल्यांना ते चित्र वेगळं सांगायला नको : १९१७ सालची गोल दुमजली इमारत, मधोमध जगदंबेचं देऊळ, चहूकडं फुटलेले सोळा रस्ते आणि रस्त्यागणिक वेगळा बाजार. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तूर, हरभरा, सोयाबीन. गावाच्या कडेला डाळ मिला. जिथं धान्य तिथं पोतं, आणि जिथं पोतं तिथं आमचे मामा, म्हणजे माझे सासरे. आडतीवरून आणि मिलांमधून रिकामी पोती उचलायची, झटकायची, धड आणि फाटकी निवडायची, फाटक्यांना ठिगळं लावून पुन्हा मोंढ्यात द्यायची, असा त्यांचा धंदा. गोदामात बायका ओळीनं बसलेल्या, एकीच्या हातात दाभण, दुसरी सुतळी ओवून देतेय, आणि सगळ्यांच्या डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, कारण तागाची कूस, म्हणजे सुटलेले बारीक तंतू, केसांत बसली की निघत नाही. मी लग्न होऊन आले ती या कुशीतच.

पुढं प्लास्टिकच्या विणलेल्या गोण्या आल्या. १९८७ च्या ताग पॅकेजिंग कायद्यामुळं सरकारी खरेदीचं धान्य अजून तागातच भरलं जातं, पण खासगी व्यापाऱ्यानं हलकी, स्वस्त, पाण्यानं न भिजणारी गोणी उचलली. तिला ठिगळ कोण लावणार? फाटली की फेकली. मामांचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं आणि गोदामात ठिगळालाही न लागणाऱ्या पोत्यांचा ढीग वाढत गेला. मोंढ्यात त्याला कवडीची किंमत नव्हती. पण पोतं फाटतं ते तोंडाशी नाहीतर बुडाशी, हमालाचा हूक लागतो तिथं. मधला पन्ना बहुतेक वेळा धडधाकट असतो. तो मधला पन्ना म्हणजेच आमचा कारखाना.

सुरुवात भाजीच्या पिशवीनं केली. घरच्या पायमशीनवर. तागाचे चार पदर आले की सुई मोडायची, आणि नाही मोडली तरी बॉबिन केसमध्ये कूस भरून दोरा तुटायचा. शेवटी चामडं शिवतात तसली जड मशीन घ्यायची ठरवली. एका बँकेत तारण काय देता म्हणून विचारलं. मुद्रा योजनेतल्या शिशू कर्जाला, म्हणजे ५०,००० रुपयांपर्यंत, तारण लागत नाही हे मीच छापील कागद दाखवून सांगितलं, तरी साहेबांचं समाधान झालं नाही. दुसऱ्या बँकेनं दिलं. नव्या मुलींना आणखी एक सांगते : उद्यम नोंदणीला सरकार एक रुपया घेत नाही. आधार क्रमांक घालून ती घरबसल्या होते. त्याचे पैसे मागणारा एजंट भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता पोत्याबद्दल. खरा खर्च इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर.

पोतं हातात आलं की आधी नाकाला लावायचं. ताग मऊ पडावा म्हणून गिरणीत त्याला तेल पाजतात. खनिज तेल असेल तर रॉकेलसारखा वास येतो आणि तो दोन धुण्यांतही पुरता जात नाही. अन्नधान्यासाठी वनस्पती तेल लावलेली पोतीही निघतात. ती मिळाली की आमच्याकडं दिवाळी. मिरचीचं पोतं कितीही चांगलं असो, दारातूनच परत. त्यानं एकदा गोदामात पाय ठेवला की सगळ्याजणी शिंकत बसतात. साखरेच्या पोत्याला मुंग्या सोडत नाहीत. हळदीचं पोतं वसमतकडून येतं, दिसायला फार देखणं, आणि पाण्यानं तो रंग सहजी निघत नाही, पण उन्हानं उडतो. म्हणून त्याची खिडकीशी ठेवायची कुंडीची पिशवी कधी करत नाही. घरातल्या घरात राहील अशीच वस्तू करतो.

काही पोती मात्र फुकट दिली तरी घ्यायची नाहीत. बियाण्याला औषध चोळून गुलाबी रंग दिलेला असतो. त्या पिशवीच्या आत तो रंग लागलेला दिसला की बाजूला. खताची गोणी बाजूला. गोदामात किडीसाठी गोळ्या ठेवतात, त्यांची राखाडी भुकटी शिवणीत अडकलेली दिसली तर तेही पोतं बाजूला. घरात भाकरीच्या टोपल्याखाली जी वस्तू जाणार तिच्याबाबतीत "चालतंय की" म्हणायचं नाही, हा मामांचा नियम. त्यांनी तो मोंढ्यातही पाळला होता, मी आयता उचलला.

निवडलेलं पोतं आधी काठीनं झोडपून कडक उन्हात टाकायचं, म्हणजे किडे निघतात. मग धुण्याचा सोडा घालून भिजवायचं. ओला ताग कमजोर असतो, त्याला पिळायचं नाही, ब्रश मारायचा नाही, नुसतं दाबून पाणी काढायचं. धुतल्यावर वाळवायचं ते सावलीत, कारण उन्हानं ताग पिवळा-तांबूस पडतो. दमट असतानाच इस्त्री. आणि कापायच्या आधी रेघेच्या दोन्ही बाजूंनी शिलाई मारून घ्यायची, मग मधून कात्री चालवायची, नाहीतर कड भसाभसा उसवते. एवढं झाल्यावर कुठं ते कापड शिवायला तयार होतं. विकत्या किमतीत पोत्याचे पैसे दहाव्या हिश्शाचेही नसतात. बाकी सगळे हाताचे, पाण्याचे आणि जागेचे. ढीग ठेवायला गोदाम लागतं आणि गोदामाला भाडं लागतं.

पाण्याचं तर लातूरकराला सांगायलाच नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. घरात प्यायला घागर मोजून, तिथं पोती कशानं धुणार? धुणं बंदच केलं. पण त्या दिवसांत एक गोष्ट हाताला लागली. डाळ मिलेतलं एकदाच वापरलेलं पोतं नुसतं झोडपून, उन्हं देऊन, उलटं करून पुन्हा झोडपलं तर धुतल्यावाचून चालतं, फक्त त्याची वस्तू वेगळी करायची. भिंतीवरचा खिसेवाला पडदा, कुंडीचं आवरण, दाराचं तोरण. अंगाला किंवा अन्नाला लागणार नाही असं काहीही. आमच्या शोभेच्या वस्तूंचा सगळा विभाग त्या दुष्काळातून उभा राहिला. आजही कमी पाण्यावर होणारं काम उन्हाळ्यात आणि धुण्याचं काम पावसाळ्यानंतर, असंच वर्षाचं वेळापत्रक आहे.

२३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि एकाएकी आम्ही शहाणे ठरलो. किराणावाले, मिठाईवाले, कपड्याची दुकानं, सगळ्यांना पिशव्या हव्या. बायका वाढवल्या, सुती जुन्या साड्यांच्या पिशव्याही सुरू केल्या. मग बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या न विणलेल्या पिशव्या उतरल्या. नाव कापडाचं, जात प्लास्टिकची, पॉलिप्रॉपिलीन. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही आणि दुकानदाराला कळून घ्यायचा नसतो. पुढं केंद्रानं ६० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा) पातळ अशा पिशव्यांवर बंदी घातली, पण तोवर भाव पडायचा तो पडला होता. दुकानदाराच्या फुकट वाटायच्या पिशवीत आपल्याला पैसा नाही, हे तेव्हा पक्कं झालं. एका दुकानाची उधारी अजून वहीत आहे. वसूल होणार नाही, पण पान फाडलेलं नाही.

तेव्हापासून आम्ही घरात राहणाऱ्या वस्तूंकडं वळलो. तिथं आमचं नशीब काढलं ते चुंबळीनं.

वेळ अमावस्येला आमच्याकडं सगळा गाव शेतात जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, त्यात पूजा, भज्जी, उंडे आणि आंबील. आंबिलाचं मडकं डोक्यावरून न्यायचं तर खाली चुंबळ हवीच. आमच्या गोदामातल्या एक अक्का दर मार्गशीर्षात उरलेल्या कुशीचा पीळ घालून, वर इरकलीच्या पट्ट्या गुंडाळून, सुतळीनं टाके घालून आपल्या भावकीला चुंबळी करून द्यायच्या. त्यातल्या थोड्या मी सहज पुण्याच्या प्रदर्शनात मांडल्या. सगळ्यात आधी त्याच संपल्या. कोणी माठाखाली ठेवायला नेल्या, कोणी गरम पातेल्याखाली, आणि एका बाईंनी सात वेगवेगळ्या मापांच्या नेल्या त्या चक्क भिंतीवर लावायला. त्यांनी पाठवलेला फोटो अक्कांना दाखवला. बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून भिंतीला लटकवलं होय गं?" आता मोठी चुंबळ, छोटी चुंबळ, काठाची, बिनकाठाची असे प्रकार आहेत, आणि त्यात गोदामाची कूस जिरते. आधी ती आम्ही पैसे देऊन उचलून न्यायला लावायचो.

चुंबळीला लागतात जुनी लुगडी. इथं मला स्पष्ट बोललंच पाहिजे. लोक आपलं कपाट रिकामं करतात आणि पिशव्या भरभरून आमच्या दारात आणून टाकतात, वर उपकाराचं हसू. त्यात नायलॉन असतं, टेरिकॉट असतं, शाळेचे गणवेश, उसवलेले ब्लाउज, एकदा तर उंदरानं कुरतडलेला गालिचा. त्यातलं थोडंच आमच्या कामाचं. उरलेलं निवडायला एक बाई दिवसभर लागते आणि टाकायला पुन्हा खर्च. घरातली अडगळ दुसऱ्याच्या दारात ठेवण्याला पुनर्वापर म्हणत नाहीत. सुती लुगडं मात्र सोनं आहे. विरलेलं असलं तरी काठ शाबूत असतो, आणि इरकलीचा काठ कापड संपल्यावरही वर्षानुवर्षं टिकतो. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघायचं, रंग लागला तर ती पट्टी आतल्या थरात, नाही लागला तर वर.

एक गंमत आहे. सरकारी पोत्यावर वजन, हंगाम, कसली कसली अक्षरं छापलेली असतात. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला ती अक्षरं बाहेरून, ठळक, मधोमध हवीत. "ओरिजिनल वाटतं" म्हणतात. लातूर-नांदेडचं गिऱ्हाईक म्हणतं, "तेवढं पोत्याचं छापील आतल्या बाजूला घ्या, लोक काय म्हणतील?" ज्यांनी पोती उचलली त्यांना ती दिवाणखान्यात नको आहेत, यात मला काही चूक दिसत नाही. म्हणून शिवताना दोन ढीग करतो. सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी अक्षरं आत, बाहेरगावच्या मालाला अक्षरं बाहेर.

पोळ्याला झुली करतो. आत बारदाना, वर लुगड्याचे तुकडे, कडेला गोंडे. बैलजोड्या कमी झाल्या तशी मागणीही घटली. आता त्याच नक्षीचं दाराचं तोरण जास्त खपतं. दिवाळीला सुतळीचे आकाशकंदील. त्यात फक्त एलईडी लावायचा ही चिठ्ठी प्रत्येक कंदिलाला बांधतो, कारण ताग पेट घ्यायला वेळ लावत नाही. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांसारखे आम्हीही मास्क शिवले. त्यावर वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

घासाघीस अजून होते. "पोत्याचीच तर आहे" हे वाक्य ऐकून आधी राग यायचा. आता मी स्टॉलवर एक न धुतलेलं, तोंड फाटलेलं पोतं ठेवते. भाव विचारणाऱ्याच्या हातात आधी ते देते, मग पिशवी. घेणारा घेतो, न घेणारा शिंकतो.

सध्या तरण्या मुली कामाला मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे. दाभण धरणाऱ्या बायका वयाला आल्या. मुलींना मशीन चालते, हातशिलाई नको. म्हणून चुंबळीचं काम घरी न्यायला देतो, नगावर मजुरी, आणि शनिवारी हिशोब. घरचं आवरून दुपारी करता येतं म्हटल्यावर गल्लीतल्या काही सुना पुढं आल्या आहेत. टाके अजून अक्कांसारखे घट्ट येत नाहीत. सैल आलेली चुंबळ अक्का सुतळी ओढून उसवतात आणि परत पाठवतात, मजुरी मात्र कापू देत नाहीत.

या वर्षी दारावर पाटी लावली आहे, तीच इथंही देते. सुती लुगडी, सुती चादरी, एकदाच वापरलेली तागाची पोती घेऊ. पोत्याचा भाव मोंढ्याच्या भावानं, लुगड्याला त्याच्याच काठाची एक चुंबळ. नायलॉन, टेरिकॉट, गणवेश, गालिचे घेत नाही. आणताना धुऊन आणा. सोमवारी गोदाम बंद असतं, त्या दिवशी दाराशी टाकून जाऊ नका, गल्लीतली कुत्री ओढून नेतात.