पत्ता नसलेल्यांना वादळाआधी गाठताना : माझा अनुभव

फ्लोरिडात चक्रीवादळांचा हंगाम 1 जूनला सुरू होतो आणि 30 नोव्हेंबरला संपतो. टॅम्पातल्या आम्हा मराठी घरांची तयारी आता ठरून गेली आहे. पाण्याचे कॅन, बॅटऱ्या, गाडीत पेट्रोल, आणि वादळात घर सोडायच्या ए ते ई झोनपैकी आपलं घर कुठल्या झोनमध्ये येतं हे तोंडपाठ. झोन बघायचा तर संकेतस्थळावर पत्ता टाकायचा. मी बेघरांसाठीच्या ज्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जाते, तिथे येणाऱ्या लोकांना नेमका पत्ताच नाही.

रुजू व्हायला वेळ लागला. आधी पोलीस पडताळणी, मग प्रशिक्षण, मग कुणाचीही माहिती बाहेर सांगणार नाही असं लिहून दिलं. त्यानंतर मला आउटरीचच्या गाडीत बसायला मिळालं. आउटरीच म्हणजे पुलांखाली, दुकानांच्या मागे, रेल्वेरुळांलगतच्या झाडीत राहणाऱ्या लोकांना आठवड्यामागून आठवडे भेटत राहणं. मोजे द्यायचे, पाणी द्यायचं, नाव विचारायचं. जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत देशभर बेघरांची मोजणी होते, पण ती सरकारी अनुदानाच्या हिशेबासाठी. वादळासाठी आमच्या सुपरवायझरची वेगळी यादी असते आणि ती कागदावर असते, कारण वीज गेली की संगणक गेला. कोण कुठे झोपतो, कुणाला इन्सुलिन लागतं, कोण चाकाच्या खुर्चीत आहे, कुणाजवळ कुत्रा आहे, गणवेश दिसला की कोण पळतो. ही यादी जूनमध्ये करायला बसलं तर होत नाही. ती वर्षभर भरत जाते.

माझं माहेर अलिबागजवळचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ तिथेच धडकलं. त्याच्या आदल्या दिवशी तलाठी आणि पोलीस पाटील कच्च्या घरांतल्या लोकांना शाळेत हलवत होते, असं आई फोनवर सांगत होती. तिथे घराला नंबर असतो, नाहीतर निदान ‘अमक्याच्या वाडीतलं’ अशी ओळख तरी असते. इथे तंबू आज एका झाडाखाली, उद्या दुसऱ्या.

2024 चा हंगाम विशेष वाईट होता. 26 सप्टेंबरला हेलीन वादळ आमच्यापासून शंभरेक मैल लांबून, समुद्रातूनच उत्तरेला गेलं, तरी खाडीचं पाणी चढून किनाऱ्यालगतची घरं बुडाली. लोकांनी भिजलेले सोफे, गाद्या, फ्रीज रस्त्याच्या कडेला आणून टाकले. ते ढीग उचलले जायच्या आधीच पुढच्या वादळाची, मिल्टनची बातमी आली. 7 ऑक्टोबरला ते बघता बघता पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत गेलं. त्यात 1 ऑक्टोबरपासून राज्यात नवा कायदा लागू झाला होता, ज्यानुसार काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) किंवा शहर कुणाला सार्वजनिक जागेत नेहमी झोपू देऊ शकत नाही. आणीबाणीत त्यात सवलतीची तरतूद आहे, पण पुलाखालच्या माणसापर्यंत कायदा पोचतो, तरतूद पोचत नाही. आमची ओळखीची माणसं झाडीत आणखी आत गेली होती. यादीतल्या अर्ध्या जागा रिकाम्या.

संस्थेच्या शेल्टरची तयारी दुसरीकडे चालूच होती. कर्मचाऱ्यांचे दोन गट पडतात. एक वादळाच्या रात्री आत राहतो आणि दुसरा वारा उतरल्यावर येतो, म्हणजे पहिल्याला झोप मिळते. जनरेटर चालवून बघतात, औषधं पुढच्या काही दिवसांची भरून घेतात, जेवणाच्या खोलीतही कॉट लावतात. एरवीचे नियमही ढिले होतात. दारू पिऊन आलेल्यालाही त्या रात्री आत घेतात. मला वाटतं, हे एरवीही जमायला हरकत नाही, पण तो वाद मी तिथे घातला नाही.

आम्ही गाडी घेऊन फिरत राहिलो. प्रत्येकाला झिपची प्लास्टिक पिशवी द्यायची, त्यात ओळखपत्र, औषधाच्या चिठ्ठ्या, फोन. मग सांगायचं, बस कुठून सुटेल, शाळेतल्या निवारा केंद्रात काय मिळेल. वादळाचा वेग, श्रेणी वगैरे सांगून कुणी हललं नाही. लोक विचारत होते ते वेगळंच. कुत्र्याला घेतील का? सामान कुठे ठेवू? सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न : “नेताय खरं, पण परत कोण आणून सोडणार?” न्यायला फुकट बस असते हे सगळ्यांना माहीत होतं. परतीचं कुणालाच ठाऊक नव्हतं. सुपरवायझरने तिथल्या तिथे फोन करून आमच्याच गाड्या परतीला लावून घेतल्या, त्यानंतर बरेच जण उठले.

काहींना भीती होती पोलिसांची. 2017 मध्ये इर्मा वादळाच्या वेळी शेजारच्या पोक काउंटीच्या शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, जाहीर केलं होतं की निवारा केंद्रांत ओळखपत्रं तपासली जातील आणि ज्याच्यावर वॉरंट आहे त्याची रवानगी तुरुंगात होईल. आपल्यासाठी ती जुनी बातमी. दंड भरला नाही म्हणून वॉरंट निघालेल्या माणसासाठी ती सात वर्षांनंतरही ताजी होती. त्याच वादळाआधी मायामीत, जागा सोडायला नकार देणाऱ्या काही बेघरांना बेकर कायद्याखाली मनोरुग्ण तपासणीसाठी जबरदस्तीने नेलं होतं. जीव वाचले असतीलही. पण पुढच्या वेळी गाडी दिसताच लपणारी माणसंही त्यातूनच तयार होतात, असं माझं मत आहे.

कुत्रा असलेले एक आजोबा शेवटपर्यंत अडून होते. पाळीव प्राण्यांची सोय ठरावीक शाळांतच असते आणि तिथे लसीचे कागद असलेले बरे. त्यांच्याकडे कागद कुठले! आमच्यातल्या एकीने प्राण्यांच्या दवाखान्यातून नोंद काढून आणली, कारण संस्थेनेच पूर्वी एका शिबिरात त्या कुत्र्याला लस दिली होती. मग स्वारी निघाली.

9 ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन सिएस्टा की बेटाजवळ, म्हणजे आमच्या दक्षिणेला, तिसऱ्या श्रेणीचं होऊन जमिनीवर आलं. त्यामुळे टॅम्पाच्या खाडीत पाणी चढण्याऐवजी उलट बाहेर ओढलं गेलं. पाऊस मात्र भयंकर झाला. खाडीपलीकडे सेंट पीटर्सबर्गमध्ये अठरा इंचांहून अधिक पडला, आणि आमच्याकडे विद्यापीठाजवळचा, किनाऱ्यापासून आत असलेला भाग बुडाला. तिथे कुणी निघायची तयारी केली नव्हती, आणि आमचे काही तंबूही तिथेच होते.

दुसऱ्या दिवसापासून कागदी यादी पुन्हा बाहेर आली. नावापुढे खूण : भेटला, केंद्रात आहे, माहीत नाही. तंबू गेले होते, पिशव्यांतले कागद वाचले होते. खरी अडचण नंतर आली. शाळा उघडायच्या म्हटल्यावर केंद्रं एकेक करून बंद होतात आणि उरलेल्यांना एका ठिकाणी गोळा करतात. त्यातले बहुतेक नव्याने बेघर झालेले असतात. दोन वादळांत घर गेलेली कुटुंबं, वीज कंपन्यांचे कामगार, विम्याचे लोक, सगळ्यांना त्याच हॉटेलांच्या खोल्या हव्या होत्या. आम्ही एरवी ज्या स्वस्त मोटेलमध्ये लोकांना ठेवतो तिथे जागा नव्हती.

आजोबांबरोबर मी फेमाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याच्या, मदतीचा अर्ज भरायला बसले. फोन नंबर त्यांचा, टपालाचा पत्ता संस्थेचा. राहण्याचा पुरावा म्हणून सामाजिक संस्थेचं पत्र चालतं, ते आम्ही जोडलं. पण फेमाचा हिशेब साधारण असा असतो की जो वादळाआधीच बेघर होता, त्याची घराची गरज वादळाने निर्माण केलेली नाही. त्यामुळे घरासाठीची मदत त्याला नाही. गेलेलं सामान, औषधोपचार यांसाठी मागता येतं. हिशेब म्हणून त्यात चूक काढता येत नाही, म्हणूनच जास्त राग येतो. ही फट बुजवायला केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने 2022 मध्ये इयन वादळानंतर ‘रश’ नावाचा निधी सुरू केला, फेमाच्या मदतीत न बसणाऱ्यांसाठी. तो थेट माणसाला मिळत नाही, शहरं आणि राज्यांमार्फत येतो. आजोबांना नकाराचं पत्र आलं, आम्ही साठ दिवसांच्या मुदतीत अपील केलं आणि सामानापुरते पैसे आले. जागा मिळाली ती नेहमीच्या प्रतीक्षायादीतूनच, हिवाळा संपताना, कुत्र्यासह.

इथल्या मराठी मंडळींपैकी कुणाला मदत करायची असेल तर जुने कपडे आणू नका, आमच्याकडे ढीग आहेत. ताडपत्री, मोजे, पावसाळी कोट, फोनच्या पॉवर बँक, कुत्र्यांचं खाणं आणि बसचे पास आणा, तेही मेमध्ये. ऑक्टोबरमध्ये दुकानांत यातलं काही उरत नाही. आणि मोठी व्हॅन चालवता येत असेल तर आत्ताच नाव द्या, पडताळणीला वेळ लागतो. परतीच्या फेऱ्यांना चालक नेहमी कमी पडतात.