फायरवॉलकडचा ऑक्सिजन सेन्सर: आतापर्यंतची नोंद

इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) अंगाला असलेला पहिला ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन जोखणारा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर, अखेर निघाला, नवा बसला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आली आहे. गाडी 2014 ची, आडव्या बसवलेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा नळ) मागच्या बाजूला असल्यामुळे हा सेन्सर बोनेट उघडल्यावर दिसतो, पण त्याच्यापर्यंत पाना पोहोचत नाही. ज्यांच्या गाडीची रचना अशीच आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

स्कॅनरवर पी0135 हा कोड येत होता. त्याचा अर्थ पहिल्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड असा होतो. सेन्सरच गेला आहे, असा तो होत नाही. झिर्कोनियाचा (एका प्रकारच्या सिरॅमिकचा) सेन्सर साधारण 300 अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय भरवशाचे व्होल्टेज देत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो. हीटर बंद पडला की इंजिन सुरू केल्यानंतर बराच वेळ इंजिनाच्या संगणकाला सेन्सरचे ऐकता येत नाही, तो ठरावीक अंदाजाने पेट्रोल सोडत राहतो आणि मायलेज उतरते. त्यामुळे नवा सेन्सर मागवण्यापूर्वी मी फ्यूज पाहिला, कनेक्टर सोडवून इग्निशन चालू ठेवून गाडीच्या बाजूने 12 व्होल्ट येतात का ते तपासले आणि मग सेन्सरच्या दोन पांढऱ्या तारांमधला रोध मोजला. माझ्या सेन्सरमध्ये या दोन तारा हीटरच्या, काळी सिग्नलची आणि राखाडी सिग्नलच्या ग्राउंडची आहे. नव्या सेन्सरवर मीटरने 9 ओहमच्या आसपास दाखवले. जुन्यावर सर्किट पूर्ण तुटलेले होते. एवढी खातरजमा केल्याशिवाय या कामाला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढची मेहनत मोठी आहे.

खरे काम सेन्सर फिरवण्याचे नसून त्याच्यापर्यंतची वाट मोकळी करण्याचे आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मी वायपरचे हात, त्याखालचे प्लॅस्टिकचे आवरण आणि एअर फिल्टरचा डबा उतरवला. त्यानंतर वरून हात आत जाण्याइतकी जागा झाली. उष्णतारोधक पत्र्याचे बोल्ट सगळ्यांत चिवट निघाले. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवले होते, तरी त्यांतल्या एकाचे डोके तुटलेच. इतक्या तापून-निवून झालेल्या बोल्टकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. गाडी खालून गाठायची असेल, तर मागच्या चाकांना अडण लावून गाडी स्टँडवरच ठेवावी, नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली डोकेही घालू नये.

सेन्सरचा षटकोन 22 मिलिमीटरचा आणि आटे एम18 गुणिले 1.5 (व्यास 18 मिलिमीटर, दोन आट्यांमधले अंतर 1.5 मिलिमीटर) असतात. वायर बाहेर निघावी म्हणून उभी खाच असलेले जे सॉकेट मिळते, ते जाम झालेल्या सेन्सरवर जोर दिला की खाचेपाशी फाकते आणि षटकोनाचे कोपरे गोल करू लागते. जुना सेन्सर टाकूनच द्यायचा होता, म्हणून मी त्याची वायर मुळापाशी कापली आणि सहाही कोपरे धरणारा रिंग पाना वरून घातला. इंजिन थोडा वेळ चालवून, मग हात लावता येईल इतके निवल्यावर, म्हणजे मॅनिफोल्ड कोमट असताना, पान्याला सलग आणि वाढता जोर दिला. प्रथम एक कोरडा, कर्कश आवाज आला आणि पाना जेमतेम एक रेघभर सरकला. तिथेच पूर्ण फिरवण्याचा मोह आवरून पुन्हा तेल मारले, थोडे घट्ट, थोडे सैल असे करत सेन्सर बाहेर काढला. आटे शाबूत राहिले याचे श्रेय या पुढे-मागे करण्याला आहे.

नवा सेन्सर बसवताना दोन गोष्टी मी कटाक्षाने पाळतो. आटे जाम होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर कारखान्यातूनच लेप लावून येतो, तो टोकाच्या छिद्रांना लागू द्यायचा नाही आणि आसपास सिलिकॉनचा स्प्रे वापरायचा नाही, कारण सिलिकॉन सेन्सरला निकामी करते. दुसरे म्हणजे, अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतूनच घेतात. म्हणून कनेक्टरमध्ये ग्रीस भरणे किंवा तारा कापून डाग देऊन जोडणे टाळावे. मूळ कनेक्टर असलेलाच सेन्सर घेण्याचे हे मोठे कारण आहे. हाताने आटे धरवून मग टॉर्क पान्याने 44 न्यूटन मीटरवर घट्ट केले. बाजूला सरकलेले सॉकेट (ज्याची पकड पान्याच्या चौकोनापासून थोडी बाजूला असते) वापरताना ते पान्याच्या दांड्याशी काटकोनात धरले, तर पान्यावरचा आकडा बदलत नाही. सरळ रेषेत धरल्यास प्रत्यक्ष टॉर्क जास्त बसतो. कनेक्टर शेवटी जोडला, म्हणजे वायरला पीळ पडला नाही.

कोड पुसून तुळजापूर रस्त्यावर गाडी चालवली. पहिल्या सेन्सरचे व्होल्टेज आता 0.1 ते 0.9 च्या दरम्यान भराभर वर-खाली होते आहे, थंड इंजिनावरही थोड्याच वेळात. हीटरची स्वयंचाचणी पूर्ण झाल्याचे स्कॅनर दाखवतो आणि कोड परतलेला नाही.

दोन्ही सेन्सर एकत्रच बदलावेत असे अनेक जण सांगतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचा (धूर कमी घातक करणाऱ्या डब्यानंतरचा) दुसरा सेन्सर माझ्या गाडीत 0.65 व्होल्टच्या आसपास स्थिर आहे, म्हणजे तोही ठीक आणि कन्व्हर्टरही. त्याला विनाकारण उचकटून आटे धोक्यात घालणे मला पटत नाही. तो तसाच ठेवला आहे. तुटलेल्या बोल्टचा उरलेला खुंट छिद्र पाडून काढायचा आहे आणि पत्रा पुन्हा पक्का बसवायचा आहे. तोवर तो उरलेल्या बोल्टांवर धरून आहे आणि वाजत नाही.